हाताचा नारळ

रत्नागिरी, ७ जुलै १९२९, रविवार

आज उपासना संपल्यावर मिशनच्या मडमसाहेबांनी बोलावून घेतलं आणि एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ माझ्या हातात ठेवला. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या तीनशे वर्षांत रोमच्या बादशहांनी ज्यांना विश्वासासाठी मारलं, त्या रक्तसाक्ष्यांची हकीकत. ती वाचून मी साध्या मराठीत चाळीस पानांची पुस्तिका नाताळापर्यंत लिहायची आहे. "गंगाराम मास्तर, तुमची मराठी फार चांगली," म्हणाल्या. माझी मराठी म्हणजे पूर्णगडच्या मासेमार खारव्याची मराठी, शाळेत घासूनपुसून पांढरपेशी केलेली. पण ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मंडळीच्या कागदावर माझ्या मनातलं लिहिता यायचं नाही, म्हणून ही वेगळी वही.

बाप्तिस्मा घेऊन मला तीन वर्षं झाली. तेव्हा मी छळाची तयारी करून बसलो होतो. गाव दगड मारील, भाऊ अंगावर धावून येईल, आई ऊर बडवील. झालं काय? भाऊ आठ दिवस बोलला नाही आणि आईने सुकट पाठवली. मिशनच्या शाळेत तिसरीला शिकवतो, शाळेमागच्या खोलीत राहतो, भात शिजवून खातो. माझ्या विश्वासाची परीक्षा अजून कोणी घेतलेलीच नाही, ही माझी खरी खंत आहे.

११ जुलै

शब्दकोश उघडून उघडून फाटायला आला. पण काय माणसं ती! अधिकारी म्हणायचा, बादशहाच्या मूर्तीपुढच्या निखाऱ्यावर चिमूटभर धूप टाक आणि घरी जा. मनात काय वाटेल ते ठेव. नुसती चिमूट! आणि ही माणसं ती चिमूट न टाकता सिंहापुढे जाऊन उभी राहायची.

त्यात एक बावीस वर्षांची पोर आहे, अंगावर पिणारं मूल असलेली. तिचा म्हातारा बाप तुरुंगात येऊन तिचे हात धरतो, पाया पडतो, म्हणतो, माझ्या पांढऱ्या केसांची कीव कर. ती ऐकत नाही. तिच्यावर बादशहाची सत्ता नाही, बापाची नाही, मरणाचीही नाही. आत्मा मोकळा झाला म्हणजे असा होतो.  मी या पोरीच्या जागी असतो तर?

१९ जुलै

आज दोन टिपणं केली. एक, त्या काळी काही जण धूप न टाकताच टाकल्याचे खोटे दाखले मिळवायचे. मंडळीने त्यांना दोष दिला. दुसरं, काहींना शिपाई ओढत न्यायचे आणि त्यांचा हात जबरदस्तीने निखाऱ्यावर धरून धूप सांडवायचे. त्यांना मंडळीने निर्दोष मानलं, कारण हात त्यांचा असला तरी मन नव्हतं. हे अठराव्या पानावर घातलं.

काही वडीलधारे असंही सांगत, की मरण शोधत जाऊ नये. बोलावलं तर जावं, आपण होऊन सिंहाच्या पिंजऱ्याचं दार उघडू नये. हा सावधपणा मला आवडला नाही. लिहिलं, पण एका ओळीत.

सुवाच्य नक्कल आनंदीबाई करतात. त्या इथल्या बायबलबाई. मूळच्या लांज्याच्या, नवव्या वर्षी विधवा झालेल्या. खेड्यापाड्यांत फिरून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवतात. अक्षर मोत्यासारखं, जीभ मात्र अडकित्त्यासारखी. म्हणाल्या, "मास्तर, मरणाची वर्णनं फार चवीने लिहिता हो."

२८ जुलै, रविवार

माझा धाकटा भाऊ बाबल्या पूर्णगडहून आला. सात कोस चिखल तुडवत. आईने सुके बांगडे दिले होते. ते ठेवले आणि उभ्या उभ्याच बोलायला लागला.

नारळी पुनव जवळ आली. त्या दिवशी दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे एकही मचवा पाण्यात जात नाही. नारळाला घरच्या थोरल्याचा हात लागावा लागतो. थोरला मुंबईला असला तर नारळ त्याच्याकडे नेतात, तो हातात धरून परत देतो, आणि घरचं माणूस तो जमिनीला न टेकवता गावी आणतं. त्याला म्हणतात हाताचा नारळ. बाबा गेल्यापासून आमच्या घरचा थोरला मी. गेली तीन वर्षं आमच्या मचव्याचा नारळ माझ्या हाताशिवाय गेला. गेल्या मोसमात जाळी फाटली आणि मचव्यावरच्या शिवा खलाशाचा हात दोरात सापडून कायमचा गेला.

"दादा, धाकू तांडेल काय ऐकत नाय. म्हनतो, थोरल्याचा हात नसंल तर मी मचव्यावर पाय ठेवनार नाय. तो नाय तर बाकीची सातजनापन नाय."

"मग मचवा हाकायला दुसरा तांडेल बघ."

"कुटं बगू? आनि कोन येतो आता आमच्याकडं? नुसता हात लाव. तुज्या मनात काय हाय ता कोन बगतो?"

"मनातलं देव बघतो."

"तुजा देव बगील. दर्या हातच बगतो."

ऐकताना माझं काळीज धडधडायला लागलं, आणि खरं सांगतो, ते भीतीने नव्हे. हीच ती चिमूट! आली एकदाची! मी त्याला समजावून नाही म्हटलं. बांगडे परत घेऊन जा म्हटलं, तर म्हणाला, "ते आयनं दिलेत, तुज्या धर्माला नाय." आणि भिजतच गेला.

बाबांचं लिहून ठेवतो. ते गेले त्या वर्षी आमचा नारळ भरतीबरोबर परत आला, थेट आमच्या वईच्या कुंपणापाशी. नारळ आईने निवडलेला होता. अश्विनात बाबा बुडाले. सगळं गाव म्हणालं, दर्याने नारळ घेतला नाही म्हणून माणूस घेतला. एका नारळासाठी बाप घेणारा देव मला नको होता. त्याच वर्षी मी शाळेसाठी रत्नागिरीला आलो आणि इथलाच झालो. आई त्यावर कधी एक अक्षर बोलली नाही. तिला काय वाटलं, कोण जाणे.

१४ ऑगस्ट

आज आई आली! एकटी, चालत, भाट्याची खाडी तरीच्या होडीने ओलांडून. तिचे गुडघे गेलेत. कशी आली देव जाणे. आत ये म्हटलं तर पायरीवरच बसली. मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. आत नारळ आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी मनाशी उत्तर तयार करून बसलो.

तिने विचारलंच नाही.

जेवली नाही. पाणी दिलं तेसुद्धा एका हाताने प्यायली, गाठोडं काही खाली ठेवलं नाही. मग म्हणाली, "काय लिवतोस ता वाच बगू." मी मुद्दामच त्या पोरीचं आणि तिच्या बापाचं वाचलं. तिला कळावं म्हणून. तिने मन लावून ऐकलं.

"मग त्या बापाचा काय झाला?"

"त्याला शिपायांनी काठीने मारलं. मुलीच्या देखत."

"ता नाय रे. मागाहून. घरी कसा गेला तो?"

"ते पुस्तकात नाही."

"असा कसा नाय? म्हातारा मानूस. कोन होता काय संगतीला?"

 इतकं मोठं बलिदान वाचून दाखवलं आणि हिला पडलीय त्या म्हाताऱ्याच्या वाटेची! थोड्या वेळाने उठायला लागली. उठवेना. "जरा धर," म्हणून गाठोडं माझ्या हातात दिलं, खांबाला धरून उभी राहिली, लुगडं झटकलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गाठोडं परत घेतलं. "येताव," म्हणाली. मी फाटकापर्यंत सोबत केली.

माझ्या चेहऱ्यावरचा निश्चय तिने वाचला असणार. मागायचं धैर्यच झालं नाही तिला. देवाचे आभार मानले.

१९ ऑगस्ट

बाबल्याचं पोस्टकार्ड, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'आपण हात दिलात, आई नारळ घेऊन सुखरूप आली, तांडेल मंडळी राजी झाली, सर्वांस फार आनंद. पुनवेच्या दुपारी समुद्रावर जाणार.'

मी हात दिला? मी?

मग लख्खकन डोक्यात आलं. "जरा धर." माझ्या आईने मला फसवलं. सगळ्या गावात माझ्या नावाचा खोटा दाखला फिरतो आहे! पुनव उद्याच. पहाटे निघतो.

२१ ऑगस्ट

काल पोचलो तेव्हा सगळं गाव किल्ल्याखालच्या वाळूत जमलेलं. ढोल वाजत होता. मचवे रंगवलेले, पताका लावलेल्या. धाकू तांडेल गुडघाभर पाण्यात उभा, हातात आमचा नारळ, त्याला सोनेरी कागद गुंडाळलेला. मला पाहून बाबल्याचं तोंड असं फुललं! वाटलं असणार, दादा आला, आता काही कमी नाही.

मी ओरडून सांगितलं, "तांडेल, थांबा! त्या नारळाला माझा हात नाही."

ढोल थांबला. आई पुढेच होती. हळूच म्हणाली, "हात ह्येचाच हाय. ह्याच हातानं धरलान."

"मी गाठोडं धरलं, आई! मला तू सांगितलं नाहीस. माझ्या मनाने मी दर्याला काही दिलेलं नाही आणि देणार नाही. हे खोटं आहे. मला फसवून केलेलं आहे."

धाकूने आईला विचारलं, "आवडाकाकी, खरा ह्या?"

आई म्हणाली, "होय."

धाकू पाण्यातून बाहेर आला आणि त्याने नारळ वाळूत ठेवला. जमिनीला टेकवला, म्हणजे संपलं. आमच्या मचव्याची आठही माणसं एकामागून एक निघून गेली. मी उभा होतो. पहिला दगड कुठून येतो त्याची वाट बघत होतो. एकानेही उचलला नाही. बायकांनी पोरांना कडेवर घेतलं आणि लांबून वळसा घालून गेल्या. बाबल्या मचव्याला टेकून खाली बसला. आईने वाकून नारळ उचलला, पदराने त्याची वाळू पुसली आणि घराकडे गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि रडलीसुद्धा नाही.

परतताना पावस गावापर्यंत मी गीतं गात आलो. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. मी साक्ष दिली. माझ्यावर आता कोणाची सत्ता नाही.

पण दगड का मारला नाही कोणी?

२५ ऑगस्ट, रविवार

उपासनेत मडमसाहेबांनी माझी हकीकत सर्वांना सांगितली. पुस्तिकेच्या प्रस्तावनेत घालू म्हणाल्या. लोकांनी माझे हात हातात घेतले. मी खाली मान घालून उभा राहिलो. पण आतून फुशारलो होतो.

आनंदीबाई मागाहून नक्कल घेऊन आल्या. त्यांनी पान अठरा काढून माझ्यापुढे ठेवलं.

"जबरदस्तीने ज्याचा हात निखाऱ्यावर धरला, तो निर्दोष. हे तुम्हीच लिहिलंत ना? मग तुम्हाला कुठला दोष लागत होता, मास्तर? तुम्हाला तर ठाऊकसुद्धा नव्हतं. म्हातारीने तिच्या दर्यालाही राखलं होतं आणि तुमच्या देवालाही."

"गप्प राहिलो असतो तर ती खोटी साक्ष झाली असती."

"साक्ष मागितली होती कोणी?"

 त्या कागद तिथेच ठेवून चूल पेटवायला गेल्या. बाई माणूस भावनेच्या भरात बोलतं, असं म्हणून मी सोडून दिलं. पान अठरा मात्र पुन्हा वाचलं नाही.

१२ सप्टेंबर

आनंदीबाई पूर्णगडकडे फिरून आल्या. आमचा मचवा झावळ्यांखाली तसाच वर ओढलेला आहे. धाकू दुसऱ्याकडे गेला. बाबल्या लहान होडी घेऊन एकटाच जातो, चार मासळ्या आणतो. आई वाळूत बसून असते. बाबल्या जाऊन परत येईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालत नाही. दर्याशी आपण खोटं वागलो आणि ते उघडं पडलं, आता तो घरातलं एक माणूस नेणार, असं तिने धरलं आहे. रोज दर्याला सांगते, "पोराला नको, मला घे." आनंदीबाईंनी तिला पाणी पाजायचा प्रयत्न केला. नाहीच म्हणाली.

काय हा भोळेपणा! दर्या देवाने निर्मिला, त्याला कसला राग आणि कसला लोभ? तिला सविस्तर पत्र लिहावं असं ठरवलं. पण वाचून दाखवणार कोण? राहिलं.

आज तुरुंगातल्या रक्तसाक्ष्यांच्या उपवासांवर चार पानं झाली. भाईबंदांसाठी त्यांनी अन्नपाणी सोडून केलेल्या प्रार्थना लिहिताना डोळे भरून आले.

२९ सप्टेंबर

दहा दिवस पुस्तिकेची एक ओळ लिहिली नाही. प्रार्थनेला बसतो आणि नुसताच बसून राहतो. मुलं पाढे म्हणतात ते ऐकू येत नाहीत. मोकळा झालो हे खरं. पण मोकळ्या माणसाने सकाळी उठून करायचं काय, हे त्या ग्रंथात कुठेच नाही. ते सगळे लगेच मेले. मी मागे राहिलो. जेवण जात नाही. बांगडे संपले.

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी बाजाराला आलेल्या पूर्णगडच्या माणसाकडून कळलं. आईला आठ दिवस ताप आहे, डोळे उघडत नाही. उपासना सोडून निघतो आहे.

८ ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहितो.

परवा भाट्याच्या तरीवर बसलो तेव्हा मनात अजून वचनं होती. पावसला विहिरीवर पाणी प्यायलो आणि तिथेच बसकण मारली. म्हटलं, पुरे झालं. ते म्हणतील ते करीन. नारळ, गोमूत्र, प्रायश्चित्त, देवळापुढे नाक घासणं, काय हवं ते. चिमूटभर काय, पोतंभर धूप टाकीन. माझा आत्मा गेला तरी चालेल. हे मी मोठ्याने म्हटलं. विहिरीवरच्या बाया बघत राहिल्या. मग मी पळत निघालो.

पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. दुपारीच गेली म्हणाले.

मी घरामागच्या विहिरीवर अंघोळ केली आणि ओल्या धोतराने बाबल्यापुढे जाऊन उभा राहिलो. "मी थोरला. अग्नी मी देतो. काय करून घ्यायचं असेल ते सांग, मी सगळ्याला तयार आहे."

बाबल्या माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "नको, दादा."

"अरे, मी मनापासून सांगतो!"

"आयनं शपथ घातलीन. शेवटचा बोलली ती ताच बोलली. थोरल्याला काय सांगू नका. त्येला कशालाच हात लावाया सांगू नका. त्येला त्रास होतो."

"मग खांदा तरी देऊ दे रे."

"शपथ हाय," तो म्हणाला आणि मडकं उचलून पुढे झाला.

धाकू तांडेल होता, त्याने खांदा दिला. मचवा सोडून गेलेल्यांतले सात जण होते. एकाही माणसाने मला शिवी दिली नाही. कोणी दूर हो म्हटलं नाही. मी उंडीच्या झाडाखाली उभा राहून धूर बघितला. मी सगळं द्यायला आलो होतो आणि घ्यायला कोणी नव्हतं.

काल सकाळी निघताना बाबल्याची बायको जनी दारात आली. हातात तेच फडकं, तेच गाठोडं. म्हणाली, "शिंक्यात टांगून ठेवलेला त्यांनी. येकदा वाळूत ठेवला तेवढाच, मग परत कधी टेकवला नाय. तुमचा हाय, तुमाला द्या म्हनाल्या."

मी घेतला आणि निघालो.

१३ ऑक्टोबर, रविवार

मडमसाहेब येऊन गेल्या. सांत्वन केलं. पुस्तिकेचा शेवटचा परिच्छेद तेवढा राहिला आहे, तो आत्म्याच्या मोकळेपणावर असावा, आणि मास्तर, तो आता तुमच्याशिवाय कोण लिहील, असं म्हणाल्या. मी हो म्हटलं. शेवटी पोरीच्या बापाचं काय झालं ते मला लिहायचं होतं. सबंध ग्रंथ पुन्हा चाळला. तो घरी कसा गेला, ते खरंच कुठे नाही.

आनंदीबाई पेज घेऊन आल्या. मी पायरीवर बसलो होतो. त्या पेज ठेवून जरा वेळ बसल्या आणि उठून गेल्या.

पूर्णगडहून येताना सात कोसांत मी नारळ कुठेही खाली ठेवला नाही, हे इथे आल्यावर लक्षात आलं. तरीवर नावाडी म्हणाला, ठेवा की मास्तर, हात दुखेल. मी नाही ठेवला. खोलीत शिंकं नाही. झोपताना छातीवर धरतो. शाळेत जाताना काखेत असतो, मुलं हसतात. आतलं पाणी आटलं आहे. हलवला की गोटा खुडखुडतो. दर्याला तो चालायचा नाही, एकदा वाळूला टेकला आहे. मला विश्वास नाही असल्या गोष्टींवर, कधीच नव्हता. तरी खाली ठेवता येत नाही.

हे लिहितानाही तो मांडीवर आहे. मघापासून उठायचं म्हणतो आहे. पण उठताना "जरा धर" म्हणून द्यायला इथे कोणी नाही.